निकाली कुस्ती आणि न्यायाचा निकाल

गेल्या पावसाळ्यात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात माझ्या एका दिवाणी दाव्याची तारीख होती. दावा बांधाचा. करवीर तालुक्यातील दोन चुलतभावांच्या शेतांमधला बांध कोणी कोरला आणि किती कोरला, एवढाच काय तो वादाचा मुद्दा; पण त्याला आता चौदा वर्षे झाली आहेत. माझे पक्षकार बाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो. तरुणपणी तालमीत राहून त्यांनी कुस्ती केली, जत्रांतली मैदाने मारली, आणि समोरचा चुलतभाऊही त्याच तालमीतला, त्याच वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला. त्या दिवशी पुन्हा पुढची तारीख पडली. पायऱ्या उतरताना आबा कठड्याला धरून थांबले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आम्हा दोघास्नी खासबागेत सोडा. ज्येची पाठ लागंल, त्येनं बांध सोडायचा. एका दिसात निकाल."

खासबाग म्हणजे कोल्हापूरचे कुस्तीचे मैदान. आबा हे रागाने बोलले नव्हते, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. कोल्हापुरात 'निकाली कुस्ती' हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. वेळ संपली म्हणून किंवा गुण जास्त झाले म्हणून न सुटणारी, कोणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी ती निकाली कुस्ती. न्यायालय जे देते त्यालाही आपण निकालच म्हणतो. आखाडा आणि न्यायालय या दोन्ही ठिकाणी आपल्या भाषेने एकच शब्द ठेवला आहे, आणि आबांनी त्या दोन निकालांची अदलाबदल मागितली होती. मला त्यांना सांगावेसे वाटले की तुम्ही जे मागता ते युरोपात शेकडो वर्षे प्रत्यक्ष कायद्यात होते. तिथे न्यायाधीशांसमोर, ठरलेल्या विधीने, वादी आणि प्रतिवादी लढत आणि जो जिंकेल त्याची बाजू खरी मानली जाई. मी त्या पद्धतीला न्यायद्वंद्व म्हणतो. कायद्याच्या महाविद्यालयात असताना तिच्यावर दोन ओळी वाचल्या होत्या. त्या दिवसानंतर मी तिच्यामागे लागलो.

पहिल्यांदा माझी समजूत अशी होती की हा रानटी काळाचा अवशेष असणार, लोकांना साक्षीपुराव्याची जाण नव्हती म्हणून ते काठ्या उचलत असणार. ती समजूत चुकीची निघाली. आजच्या फ्रान्सच्या आग्नेय भागात वसलेल्या बर्गंडियन लोकांचा राजा गुंडोबाद याने सहाव्या शतकाच्या अगदी आरंभी द्वंद्वाचा जो कायदा केला, त्याचे कारण त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे, आणि ते कारण म्हणजे खोट्या शपथा. त्या काळी आरोप झालेला माणूस शपथ घेई आणि आपल्याबरोबर शपथ घेणारी ठरावीक माणसे उभी करी. तेवढ्यावर तो सुटे. त्यामुळे लोक माहीत नसलेल्या गोष्टींवरही बेधडक शपथ घेऊ लागले. गुंडोबादने ठरवले की प्रतिपक्षाला ती शपथ मान्य नसेल आणि तो लढायला तयार असेल, तर त्याला अडवू नये. आणि जे शपथ घ्यायला आले आहेत त्यांच्यापैकीही एकाने लढायला उतरावे, कारण ज्याला सत्य खात्रीने ठाऊक आहे त्याने त्यासाठी लढायला भिण्याचे कारण नाही. तो साक्षीदार हरला, तर त्याच्या बाजूने शपथ घ्यायला आलेल्या सर्वांवर दंड. खोट्या साक्षीचा उबग आलेल्या राज्यकर्त्याचा हा उपाय होता. पंचवीस वर्षे वकिली केल्यावर तो उबग मला समजतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात देवाशपथ खरे सांगेन म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्याला खोटे बोलताना मी इतक्या वेळा पाहिला आहे की गुंडोबाद मला परका वाटत नाही.

या पद्धतीवर शंका घेणारेही फार लवकर झाले. इटलीतल्या लोम्बार्ड लोकांचा राजा लिउटप्रांड याने ७३१ साली एक कायदा केला. कोणी कोणावर विष देऊन मारल्याचा आरोप करून त्याला द्वंद्वाला ओढले आणि तो हरला, तर त्याची सगळी मालमत्ता जाऊ नये, केवळ ठरलेली भरपाई त्याने द्यावी, असा त्याचा आशय आहे. त्यात राजा जे कारण सांगतो ते मी अनेकदा वाचले. तो म्हणतो की देवाच्या या न्यायाबद्दल आम्हाला खात्री नाही, लढाईमुळे पुष्कळांचा खरा दावा बुडाल्याचे आम्ही ऐकले आहे, पण आमच्या लोकांची ही रूढी असल्यामुळे आम्ही ती बंद करू शकत नाही. कायदा करणाराच कायद्यात लिहून ठेवतो की हे चुकीचे असू शकते, तरी ते चालूच राहील. पद्धत मोडता येत नाही म्हणून निदान तिच्यामुळे होणारे नुकसान तरी त्याने कमी केले. त्याच्या जागी मी असतो तर याहून अधिक काही करू शकलो असतो का, हे मला सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये हे द्वंद्व १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर आले, आणि तिथे त्याचा सर्वांत व्यवस्थित वापर झाला तो जमिनीच्या दाव्यांत. आबांचा बांध डोळ्यांसमोर ठेवूनच मी हा भाग वाचला. साठ फूट लांब आणि साठ फूट रुंद जागा आखून तिला कुंपण घालत. बाजूला न्यायाधीशांचे आसन, वकिलांसाठी वेगळी जागा. मीटरभराहून थोडी लांब काठी आणि चामड्याची चौकोनी ढाल एवढीच हत्यारे. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्याखाली उघडे. सुरुवातीला दोघांनाही शपथ घ्यावी लागे की आपल्या अंगावर हाड, दगड वा वनस्पती लपवलेली नाही आणि आपण कसलाही मंत्रतंत्र केलेला नाही. ही शपथ नुसती कागदावरची नव्हती: १३५५ मध्ये सॉल्सबरीचा बिशप आणि तिथला अर्ल यांच्यातील एका दाव्यात बिशपच्या लढवय्याच्या अंगरख्यात शिवून ठेवलेल्या प्रार्थना आणि मंत्र सापडले होते. लढाई सकाळी सुरू होई आणि आकाशात तारे दिसेपर्यंत चाले. तोपर्यंत प्रतिवादीची बाजू टिकून राहिली तर दावा वादीच्या विरुद्ध जाई, म्हणजे ताबा ज्याचा आहे त्याला नुसते टिकणे पुरे होते आणि जिंकणे वादीवर होते. सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो, हे आम्ही आजही प्रत्येक दाव्यात म्हणतो. हरणाऱ्याने 'क्रेव्हन' हा शब्द उच्चारला की लढाई थांबे. तो शब्द तोंडातून गेलेला माणूस जन्मभरासाठी बदनाम होई. त्यानंतर त्याला कुठल्याही खटल्यात साक्ष देता येत नसे.

जमिनीच्या दाव्यात मालक स्वतः लढत नसे, त्याच्या वतीने दुसरा लढे. मूळ नियमाप्रमाणे हा लढवय्या साक्षीदार असायला हवा होता. ही जमीन या माणसाच्या पूर्वजाच्या ताब्यात असल्याचे आपण स्वतः पाहिले आहे, किंवा आपल्या बापाने ते पाहिले आणि मरताना आपल्याला सांगितले, अशी शपथ त्याला घ्यावी लागे. प्रत्यक्षात काय झाले असेल ते कोल्हापुरात सांगायला नको. काही मठ आणि बिशप वर्षासनावर लढवय्ये पोसू लागले, एकच माणूस वेगवेगळ्या गावांत जाऊन वेगवेगळ्या जमिनींबद्दल आपल्या मेलेल्या बापाचे शब्द शपथेवर सांगू लागला. अखेर १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ही शपथच काढून टाकली, कारण ती घेताना खोटे बोलले जात नाही असा लढवय्या क्वचितच सापडत होता. खोट्या शपथा थांबवण्यासाठी जी पद्धत आली, तिच्यातच खोटी शपथ इतकी माजली की शपथ काढावी लागली. एकदा शपथ गेली की उरला तो भाडोत्री पैलवान. जो चांगला पैलवान आणू शकेल त्याची जमीन. आमच्या व्यवसायाचे मूळ तिथे आहे असे काही जण म्हणतात. ते इतिहास म्हणून कितपत खरे आहे यात मी शिरत नाही, पण वकीलपत्रावर सही करताना पक्षकाराच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते आपला पैलवान निवडणाऱ्या माणसाचेच असतात.

आपल्याकडे काय होते, हा प्रश्न साहजिकच येतो. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की लेख, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षीदार ही प्रमाणे आहेत, आणि यांपैकी एकही नसेल तेव्हाच दिव्य, म्हणजे देवाच्या साक्षीने घ्यायची कसोटी, करावे. तिने दिव्ये पाच सांगितली: तुला (तराजूत तोलणे), अग्नी, पाणी, विष आणि कोश (देवाच्या स्नानाचे पाणी पिणे). पुढच्या ग्रंथांत ती नऊपर्यंत गेली. या नऊंत कुठेही दोन माणसांची लढाई नाही. आपले दिव्य एकट्याचे आहे. त्यात समोर आग असते, पाणी असते, देव असतो, पण दुसरा माणूस नसतो. मराठेशाहीत वतनाच्या वादांत जे रवा-दिव्य चाले, त्यात तेल आणि तूप एकत्र कढवून त्यात टाकलेला धातूचा रवा उघड्या हाताने काढावा लागे. आधी हात धुऊन, नखे कापून, हातावरच्या जुन्या खुणा नोंदवून ठेवत. रवा काढल्यावर हाताला पिशवी घालून ती मोहरबंद करत आणि तिसऱ्या दिवशी गोतसभेसमोर, म्हणजे गावातल्या भाऊबंद-वतनदारांच्या न्यायसभेसमोर, उघडत. मग 'खरा झाला' किंवा 'खोटा झाला' असे महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, लिहिले जाई. हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद घेतला जाई आणि जिंकलेल्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम. त्या पिशवीच्या शिक्क्याबद्दल मी बराच वेळ विचार केला. हात भाजला की नाही हे देवाने ठरवायचे, पण पिशवी कोणी मधेच उघडली नाही याची काळजी माणसांनी घ्यायची. पुरावा सीलबंद ठेवण्याची आजची काळजी याहून वेगळी नाही.

इंग्लंडमध्ये स्त्रिया, साठीच्या पुढचे, अल्पवयीन मुले, लंगडे, आंधळे आणि धर्मगुरू यांना स्वतः लढण्यातून सूट होती. याज्ञवल्क्यानेही स्त्री, बालक, वृद्ध, आंधळा, पांगळा, ब्राह्मण आणि रोगी यांच्यासाठी तुला सांगितली, जिच्यात शरीराला इजा नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर थक्क व्हायला होते, इतक्या त्या जुळतात. पण त्याच श्लोकात शूद्राच्या वाट्याला अग्नी, पाणी किंवा विष दिले आहे, आणि धडधाकट ब्राह्मणाला तुला. ज्या गावात राजर्षी शाहूंनी वतनदारीची मुळे उपटली, त्या गावात राहून हे वाचताना त्याकडे डोळेझाक करणे मला शक्य नाही. सत्य शोधण्याची आचसुद्धा जात पाहून कमी-जास्त केली जात होती.

दख्खनमध्ये तलवारीची द्वंद्वे मात्र होती. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह याच्या दरबारात तलवारबाजीत श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी तरुण समोरासमोर लढू लागले आणि ती चाल सगळ्या दख्खनभर पसरली, असे फिरिश्ता हा इतिहासकार नापसंतीने लिहितो. विजापूरच्या रस्त्यात पांढऱ्या दाढीची प्रतिष्ठित माणसे क्षुल्लक कारणावरून अशी लढून मेल्याचे त्याने स्वतः पाहिले होते. विजयनगरात द्वंद्वासाठी आधी मंत्र्याची परवानगी घ्यावी लागे आणि मेलेल्याची मालमत्ता जिंकणाऱ्याला मिळे, असे नुनिझ या पोर्तुगीज प्रवाशाने नोंदवले आहे. पण यांत प्रश्न अब्रूचा होता. 'हे शेत कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्या न्यायसभांनी तलवार वापरली नाही. आपल्याकडे तो प्रश्न महजर, करीणा म्हणजे वादाची लेखी हकीकत, साक्षी आणि अगदी शेवटी दिव्य यांनीच सोडवला जाई.

युरोपातल्या न्यायद्वंद्वांपैकी एक मला सर्वांत जवळून पाहावेसे वाटते. नॉर्मंडीतील सरदार जाँ द कारूज याची पत्नी मार्गरीत हिने आरोप केला की जाक ल ग्री याने आपल्यावर बलात्कार केला. ल ग्री हा एके काळी कारूजचा मित्र. प्रकरण पॅरिसच्या पार्लमेंटात, म्हणजे राजाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. कागदपत्रे झाली, जबाब झाले, ल ग्रीने आपण त्या दिवशी दुसरीकडे होतो असे सांगितले. पुराव्याने निर्णय होईना, तेव्हा न्यायालयाने द्वंद्वाचा हुकूम दिला. तरुण राजा सहावा चार्ल्स याला ते पाहायचे होते, म्हणून दिवस पुढे ढकलण्यात आला, आणि २९ डिसेंबर १३८६ रोजी साँ मार्तँ मठाच्या आवारात हजारो लोकांसमोर ते झाले. मार्गरीत काळी वस्त्रे घालून तिथेच बसवली होती. नवरा हरला तर तिचा आरोप खोटा ठरणार होता आणि खोट्या आरोपाबद्दल तिला जिवंत जाळले जाणार होते. ल ग्रीने कारूजची मांडी भोसकली; कारूजने तरीही त्याला खाली पाडले, चिलखतामुळे तो उठू शकला नाही, कारूजने त्याच्या शिरस्त्राणाची झडप उघडून कबुली मागितली. त्याने शेवटपर्यंत निर्दोष असल्याचेच सांगितले. कारूजने त्याला ठार केले आणि त्याचे प्रेत माँफोकाँच्या फासावर टांगण्यात आले.

या प्रकरणातला जो माणूस माझ्या मनात राहिला तो ल ग्रीचा वकील, जाँ ल कॉक. त्याने आपल्या खटल्यांची टिपणे लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती आणि त्यांत याही खटल्याची नोंद आहे. पक्षकार मेला, निकाल लागला, देवाने कौल दिला असे सगळे शहर म्हणत होते, आणि वकील मात्र लिहीत होता की या प्रकरणातील सत्य खरोखर कोणालाच कळले नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यवसायबंधूबद्दल मला आदर वाटतो. निकाल आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला निकालाच्या गोंगाटातही दिसत होते. पॅरिसच्या पार्लमेंटने मंजूर केलेले ते शेवटचे न्यायद्वंद्व ठरले.

पद्धत कशी मागे पडली ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या हेन्रीने ११७९ मध्ये इंग्लंडमधल्या जमिनीच्या दाव्यात प्रतिवादीला लढाईऐवजी परिसरातील बारा सरदारांच्या पंचापुढे जाण्याचा पर्याय दिला. रोमन चर्चच्या १२१५ च्या लॅटेरन धर्मपरिषदेने आग आणि पाणी यांच्या दिव्यांना आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना मनाई केली. १२३१ मध्ये दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीच्या राज्यात द्वंद्वावर कडक मर्यादा घातल्या. फ्रान्समध्ये नवव्या लुईने आपल्या मुलखात ते बंद केले, आणि १३०६ मध्ये चौथ्या फिलिपने गंभीर गुन्ह्यांपुरते अटी घालून पुन्हा सुरू केले. माझ्या मते यात सर्वांत मोलाची गोष्ट हेन्रीचीच आहे, कारण त्याने मनाई केली नाही. त्याने शेजारच्या बारा माणसांच्या माहितीवर विश्वास ठेवायची सोय करून दिली, आणि लोक हळूहळू तिकडे वळले.

पण कायदा वापरातून गेला म्हणून मरत नाही, हे १८१७ मध्ये दिसले. बर्मिंगहॅमजवळच्या अर्डिंग्टन गावात २७ मे रोजी मेरी ॲशफर्ड या वीस वर्षांच्या मुलीचे प्रेत एका डबक्यात सापडले. आदल्या रात्री तिच्याबरोबर नाचलेला अब्राहम थॉर्नटन याच्यावर खटला चालला आणि ज्यूरीने काही मिनिटांत त्याला सोडून दिले. लोक चिडले. मेरीचा भाऊ विल्यम याने खासगी फिर्यादीचा एक जुना मार्ग वापरून त्याला पुन्हा न्यायालयात ओढले. थॉर्नटनला कबूल-नाकबूल विचारले, तेव्हा त्याने आपण निर्दोष असून हे आपल्या शरीराने सिद्ध करायला तयार आहोत असे सांगितले आणि न्यायालयाच्या फरशीवर चामड्याचा हातमोजा टाकला. तो धिप्पाड होता, विल्यम अंगाने किरकोळ. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी एप्रिल १८१८ मध्ये निर्णय दिला की देशाचा कायदा द्वंद्वाच्या बाजूने आहे, आणि कायदा आम्हाला हवा तसा नव्हे तर आहे तसा सांगणे हे आमचे काम आहे. विल्यमने मोजा उचलला नाही, थॉर्नटन सुटला आणि पुढे अमेरिकेला निघून गेला. ब्रिटिश पार्लमेंटने १८१९ मध्ये कायदा करून ही पद्धत कायमची रद्द केली.

१८१८ आणि १८१९ या वर्षांकडे मराठी वाचकाने लक्ष द्यावे. १८१८ च्या जून महिन्यात दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पुढच्या वर्षी इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला आणि त्यात आपल्या पंचायतींच्या न्यायाचे गुणदोष सविस्तर तपासले. ज्या राज्याच्या प्रतिनिधीने ते तपासले, त्या राज्याच्या कायद्यात काठी घेऊन न्याय मिळवण्याचा हक्क काही महिन्यांपूर्वीपर्यंत शाबूत होता. यातून आपले सगळे चांगले होते असे मला म्हणायचे नाही. रवा-दिव्यात भाजलेल्या हाताचे समर्थन मी करणार नाही. आणि आपल्याकडेही जुने लवकर गेलेले नाही. १८७३ च्या शपथ कायद्यात अशी तरतूद होती की एका पक्षाने दुसऱ्याला म्हणावे, 'तू अमुक पवित्र शपथ घेऊन सांग, मी ते मान्य करतो', आणि त्याने तशी शपथ घेतली की त्याचे सांगणे निर्णायक पुरावा ठरे. १९६९ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. अंबाबाईच्या पायरीवर हात ठेवून सांग म्हणणारे पक्षकार अजूनही माझ्या कार्यालयात येतात.

हे सगळे वाचून झाल्यावर एका रविवारी मी खासबागेत गेलो. शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले हे मैदान मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्या दिवशी मी मैदानातल्या लढतींकडे न पाहता त्या लागण्याआधी काय होते ते पाहत राहिलो. हलगी वाजत होती. दोन पोरे मातीत उतरली. एकाने मूठभर तांबडी माती उचलली आणि समोरच्याच्या खांद्यावर, दंडावर टाकली. दुसऱ्याने तेच केले. घामाने अंग निसटू नये, पकड बसावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्याच अंगाला माती लावायची असते. मग सलामी, मग खडाखडी. त्याआधी वस्तादांनी वजन, उंची, वय आणि मागच्या कुस्त्या बघून जोड ठरवलेली होती. जोड नीट लागली नसेल तर ओरडा लोकच करतात आणि ती कुस्ती लागूच देत नाहीत. न्यायद्वंद्वात नेमकी हीच गोष्ट नव्हती. थॉर्नटन आणि विल्यम यांची जोड कोणत्याही वस्तादाने लावली नसती. जर्मन मुलखात मात्र कोणाला तरी हे जाणवले असावे: हान्स तालहोफर याच्या पंधराव्या शतकातील सचित्र पोथ्यांत नवरा-बायकोचे द्वंद्व दाखवले आहे, त्यात नवरा कमरेइतक्या खड्ड्यात उभा आहे आणि बायको मोकळी, तिच्या हातात कापडात बांधलेला दगड. जोड बरोबर करण्याची ती एक केविलवाणी पण प्रामाणिक धडपड आहे. खासबागेत जो हरतो त्याचे शेत जात नाही, म्हणून तो पुढच्या मैदानात पुन्हा येऊ शकतो. कुस्तीतून ताकद कोणाची अधिक हे कळते, आणि तिने याहून अधिक काही सांगण्याचा दावा कधी केलेला नाही.

आबा पुढच्या तारखेला आले, तेव्हा साक्षीदार न आल्याने आम्हाला तासभर बसावे लागले. कँटीनच्या बाकावर मी त्यांना कारूज आणि ल ग्रीची गोष्ट सांगितली. ते हातातला चहा तसाच धरून ऐकत होते. मांडीला जखम झाल्यावर पाय रोवायला किती अवघड जाते हे त्यांनी मला समजावून सांगितले. मला वाटले होते की ते त्या लढाईचेच कौतुक करतील. पण गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारले, "आणि त्या बाईचं काय झालं?"

मी सांगितले की नवरा जिंकला म्हणून ती वाचली.

"म्हंजे लढला दुसराच, आन् जीव तिचा टांगणीला," आबा म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला एक नवी माहिती दिली, जी चौदा वर्षांत त्यांनी दिली नव्हती. त्या बांधावर पूर्वी एक उंबराचे झाड होते. त्यांची चुलती, म्हणजे समोरच्या पक्षकाराची आई, लग्न होऊन आली त्या वर्षी ते लावलेले होते. ती आता नव्वदीच्या घरात आहे आणि धाकट्या मुलाकडे इचलकरंजीला राहते. झाड गेले तरी बुंधा कुठे होता हे तिला नक्की ठाऊक आहे. तिला साक्षीला आणण्याचा विचार दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही मनात आजवर आला नव्हता, माझ्याही नाही.

त्याच दिवशी मी दोन अर्ज तयार केले. एक, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची मोजणी करून घेण्याचा. दुसरा, त्या वृद्ध बाईंची साक्ष त्यांच्या घरी जाऊन नोंदवण्याचा. आबांनी दोन्हींवर सावकाश सही केली आणि विचारले की बाईंची साक्ष व्हायच्या वेळी आपण तिथे गेलो तर चालेल का. पक्षकार म्हणून तो तुमचा हक्कच आहे, असे मी सांगितले. मग समोरच्या बाकावर बसलेल्या चुलतभावाकडे बघून ते म्हणाले, "त्यालाबी कळवा. म्हातारीला भेटून बरीच वर्सं झाली आमाला."